दार ओढणारा माणूस

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यासाठी मला प्रमाणपत्रं लागत नाहीत, तासतासभर मुलाखती लागत नाहीत. मला फक्त आमचं काचेचं दार लागतं!

हे दार बाहेरून येणाऱ्याने स्वतःकडे ओढायचं असतं. मुठीच्या वर 'ओढा' असं ठळक लिहिलेलंही आहे. तरी दहातली नऊ माणसं ते ढकलतात. ढकलतात, थबकतात, पुन्हा ढकलतात आणि मग आमच्याकडे असं बघतात, की जणू आम्हीच ते आतून धरून बसलोय! दहावा माणूस मात्र क्षणभर थांबतो, वाचतो आणि ओढतो. तो दहावा माणूस कामाचा! गेली सव्वीस वर्षं माझं टेबल त्या दारासमोर आहे. हा सिद्धांत काही उगाच तयार झालेला नाही.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. माणसं एकतीस, मजला तिसरा. आमच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट आठ महिन्यांपासून बंद आहे, पण तो विषय नको. ऑफिस सांभाळायचं काम माझं, आणि स्टोअर सांभाळायचं काम काकांचं. काका म्हणजे आमचे स्टोअरकीपर. लिफ्टचे चौदाशे सुटे भाग त्यांच्या ताब्यात. मेकॅनिक कुठल्यातरी इमारतीतून फोन करतो, "काका, ते पाठवा हो, मागच्या वेळी पाठवलं होतं ते," आणि काका नेमकं 'ते' पाठवतात. कसं पाठवतात, हे तीस वर्षांत कुणाला कळलेलं नाही.

आता काका निवृत्त व्हायचे होते. खरं तर कधीच व्हायचे होते! परगावी त्यांच्या मुलीला जुळी झाली. काकू तीन महिन्यांपूर्वीच तिच्याकडे गेल्या. काका इथे एकटे. रोज संध्याकाळी फोन कानाला लावून नातवंडांचं रडणं ऐकायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "धाकटीचा आवाज चांगला आहे." दोनदा त्यांनी तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. दोन्ही वेळा "काका, एवढा एक महिना काढा हो," असं म्हणणारा मीच होतो. त्याचं मला आत कुठेतरी टोचत होतं. म्हणून या वेळी मी त्यांना शब्द दिला होता, "तीस तारखेला तुम्हाला मी स्वतः निरोप देणार. जागेवर माणूस येणार म्हणजे येणार!"

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्यांच्या टेबलावर एका एजन्सीचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं.

"काकांच्या जागेसाठी मी या लोकांशी बोललेय," मॅडम म्हणाल्या. "माणसं शोधून देणं हेच त्यांचं काम आहे. ते म्हणतात, आम्ही उमेदवार गाळून पाठवतो."

"माणूस काय चहा आहे का गाळायला?" मी म्हणालो. "मॅडम, आपला माणूस आपणच शोधला पाहिजे. बाहेरच्याला आपलं काम काय कळणार? मी आहे ना!"

मॅडम तशा समजूतदार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं. तुम्हीही शोधा, एजन्सीही शोधेल. गुरुवारी अकरा वाजता त्यांचा माणूस आपलं काम बघायला येतोय, त्याला नीट वागवा. आणि शेवटी निवड ना तुम्ही करायची, ना मी. स्टोअरच्या किल्ल्या काका ज्याच्या हातात देतील, तो आपला!"

घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"माणसं तुम्ही ओळखणार?" ती म्हणाली. "आमच्या घरी पहिल्यांदा आलात, तेव्हा अर्धा तास कुणाशी गप्पा मारल्यात?"

"तुझ्या बाबांशी!"

"ते मीटर बघायला आलेले गृहस्थ होते. बाबा तोवर स्वयंपाकघरात वाट बघत बसले होते."

"ते दारातच उभे होते, मला काय माहीत?" मी म्हणालो. बावीस वर्षं झाली, पण हे मीटर काही बंद पडत नाही!

शोधाला मी जोरात सुरुवात केली. नोटीस बोर्डावर कागद लावला आणि वर्तमानपत्रात चार ओळींची जाहिरात दिली. नोटीस लागल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाला आपापला मेहुणा आठवला. वेल्डरचा मेहुणा आला, त्याला उंचीची भीती, म्हणून तो शिडीवर चढणार नाही म्हणाला. ड्रायव्हरचा मेहुणा आला, तो शिडीवर चढायला तयार होता पण उतरायची खात्री देईना. टेलिफोनवरच्या बाईंचा भाचा तर आईला घेऊन आला. मी विचारायचं आणि आईने उत्तर द्यायचं!

"तुम्हाला जड वस्तू उचलता येतात का?"

"घरी एक पेला उचलत नाही," आई म्हणाली, "पण तुमच्याकडे उचलेल."

आणखी एक उमेदवार तिन्ही मजले चढून आला. धापा टाकत त्याने विचारलं, "लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत जिना?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरला. या सगळ्यांनी दार ढकललं होतं, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी हाताशी उरला एकच अर्ज. सुंदर अक्षर, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात अकरा वर्षं गोदाम सांभाळल्याचा अनुभव. त्यांना मी गुरुवारीच साडेअकराला बोलावलं. म्हटलं, एजन्सीवाल्याच्या डोळ्यांदेखत आपला माणूस उभा करू!

गुरुवार उजाडला. तारीख पंचवीस. काकांचं तिसरं तिकीट त्यांच्या खिशात होतं आणि ते दर तासाला ते काढून बघत होते.

अकराला दहा मिनिटं कमी असताना काचेपलीकडे एक माणूस दिसला. साधा शर्ट, खिशात पेन्सिल, हातात वही. तो थांबला आणि त्याने दार ओढलं. पहिल्याच झटक्यात! मी खुर्चीतून अर्धा उठलो. सव्वीस वर्षांत असं ओढणं मी पाहिलं नव्हतं.

"मी त्या स्टोअरच्या जागेसाठी—" त्याने सुरुवात केली.

"बस्स!" मी म्हणालो. "पुढे काही सांगू नका. मी ओळखलं!"

"नाही, म्हणजे मी जरा लवकर आलोय, मला आधी ते काम नीट—"

"आधी काम बघायचंय! वा! चला!"

हाच तो सुंदर अक्षरवाला, यात मला शंकाच नव्हती. नोकरीची ओढ असलेला माणूस लवकर येतो, आणि एजन्सीवाले काय वेळेआधी येतात होय? नाव विचारायचीसुद्धा मला गरज वाटली नाही. वहीवाल्याला मी थेट स्टोअरमध्ये नेऊन काकांसमोर उभं केलं. "काका, हा घ्या तुमचा माणूस. हवी तशी परीक्षा घ्या!"

बाहेर येतोय तोच दारावर धडक. चकचकीत बूट, काळी बॅग, कडक इस्त्री. त्यांनी दार ढकललं, पुन्हा ढकललं आणि मग खांदा लावला! मी जाऊन उघडून दिलं तेव्हा ते बॅगेसकट माझ्या अंगावरच आले.

"स्टोअरच्या जागेचं बोलायला आलोय," ते घाम पुसत म्हणाले.

आले एजन्सीवाले! मी त्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं, चहा मागवला, पाहुण्यांसाठीच्या डब्यातली बिस्किटं ठेवली. नीट वागवा, असं मॅडमनी बजावलंच होतं. पण स्पष्ट बोलायला काही मनाई नव्हती!

"चहा घ्या," मी म्हणालो, "पण एक सांगतो, तुमचा इथे काही उपयोग होणार नाही."

त्यांचा कप हवेतच थांबला. "काही न विचारताच?"

"विचारायचं काय? आमचा माणूस मिळालाय. आत उभा आहे."

"निदान माझा अनुभव तरी बघा, साहेब. अकरा वर्षं—"

"अकरा वर्षं हाच उद्योग?"

"हो."

"मग तर अवघड आहे! अहो, एका ठिकाणचा उचलायचा, दुसऱ्या ठिकाणी ठेवायचा, वर एक चिठ्ठी चिकटवायची. याला काय अक्कल लागते?"

ते बिचारे अगदी हळू आवाजात म्हणाले, "लागते, साहेब. काय कुठे ठेवायचं, याला अक्कल लागते. चुकीच्या जागी गेला, की माल वर्षानुवर्षं पडून राहतो."

"बघा! माल म्हणालात! माणसाला माल समजता, हाच तर तुमचा दोष!"

"मी? माणसाला?"

"दोष मान्य करायला वेळ लागतो," मी मोठ्या मनाने म्हणालो. "बसा. आणखी एक बिस्किट घ्या."

आणि पुढचा पाऊण तास मी त्यांना माणूस आणि माल यांतला फरक समजावून सांगितला. दाराचा सिद्धांतही सांगितला. मधूनमधून ते "हो साहेब" म्हणत होते. एकदाही आवाज चढवला नाही. माझा मुद्दा त्यांना पटत चाललाय, असं मला वाटलं!

तेवढ्यात फोन खणखणला. एका दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती, दोन मजल्यांच्या मध्ये. आत खुद्द डॉक्टर. वर खुर्चीत पेशंट, तोंड उघडं, दात अर्धा काढलेला! आमचा मेकॅनिक तिकडून ओरडत होता, "काका, ते लवकर पाठवा! छोटंसं, दोन कान असलेलं!"

मी स्टोअरकडे धावलो. काका शांतपणे स्टुलावर बसलेले. त्यांनी वहीवाल्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. आणि तो सरळ दाराजवळच्या फळीकडे गेला, खालून दुसऱ्या खोक्यात हात घातला आणि दोन कान असलेलं ते बाहेर काढलं!

"कसं सापडलं?" मी ओरडलोच.

"काकांनी सांगितलं ना," तो म्हणाला. "इथे वस्तू नंबराने लावलेल्या नाहीत, इमारतींप्रमाणे लावल्यात. एका इमारतीला जे जे लागतं ते सगळं एका फळीवर. जी इमारत जास्त आजारी, ती दाराजवळ. दातांचा दवाखाना या वर्षात सहा वेळा बंद पडलाय, म्हणून तो सगळ्यात पुढे."

"तीस वर्षांत," काका म्हणाले, "हे इथेच का ठेवलंय, असं मला कुणीच विचारलं नव्हतं. याने आल्या आल्या विचारलं." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. कमरेचा जुडगा सोडून त्यांनी वहीवाल्याच्या हातात ठेवला. मलाही भरून आलं. पाच दिवसांनी काका नातवंडांजवळ असणार होते, आणि हे मी घडवलं होतं!

वहीवाल्याचा दंड धरून मी मॅडमच्या केबिनमध्ये शिरलो. "मॅडम, हा आपला माणूस! आपण शोधलेला! काकांनी किल्ल्यासुद्धा दिल्या. एजन्सीवाले बाहेर बसलेत, त्यांना मी चांगलं सुनावलंय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"हेच एजन्सीवाले आहेत," त्या म्हणाल्या. "माझं फोनवर यांच्याशीच बोलणं झालं होतं. फोटो आहे यांचा त्या माहितीपत्रकावर."

वहीवाल्याने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "मी सांगायला तीनचार वेळा तोंड उघडलं," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही दर वेळी म्हणालात, बस्स, मी ओळखलं."

"पण दार!" मी म्हणालो. "तुम्ही दार ओढलंत!"

"काल संध्याकाळी पत्ता बघायला येऊन गेलो होतो. ऑफिस बंद झालं होतं. काल चार वेळा ढकललं, मग 'ओढा' दिसलं."

मग मला बॅगवाले आठवले. सुंदर अक्षर! अकरा वर्षं! गोदाम! माल! मी मीटिंगच्या खोलीत डोकावलो. कप रिकामा, बशीत एक बिस्किट, खुर्ची रिकामी. टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, "ते गेले. जाताना तुमचे आभार मानायला सांगितलेत."

तीन मजले मी कसा उतरलो, मला ठाऊक नाही. ते तळमजल्यावर शेवटच्या पायरीवर बसले होते, बॅग मांडीवर घेऊन, आमच्या बंद लिफ्टकडे बघत.

"साहेब," मला बघून ते उठून उभे राहिले. "घरी सांगून आलो होतो, आज काम होईल म्हणून. आता घरी जाऊन काय सांगायचं, ते ठरवत होतो."

मला खरोखर लाज वाटली. चार शब्दांत काय घडलं ते सांगितलं आणि हात जोडले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं! पण ते नुसते म्हणाले, "मला वाटलंच, काहीतरी घोटाळा आहे. मी माणसाला माल कधी समजलो नव्हतो." आणि माझ्याबरोबर निमूट तीन मजले चढले. वर पोचल्यावर ज्या दाराने तासाभरापूर्वी त्यांचा खांदा शेकला होता, तेच दार त्यांनी पुन्हा ढकललं. मी डोळे मिटून घेतले.

स्टोअरमध्ये वहीवाला किल्ल्या परत करायला बघत होता आणि काका हात मागे बांधून उभे होते.

"दिलेल्या किल्ल्या मी परत घेत नाही," काका म्हणाले. "तुला नको असतील तर तू दे कुणालातरी. पण खरं सांग, नको आहेत का?"

वहीवाला बराच वेळ त्या फळ्यांकडे बघत राहिला. "काका, सात वर्षं मी दुसऱ्यांना नोकऱ्या लावून देतोय," तो शेवटी म्हणाला. "रोज नवी कामं बघतो, लिहून घेतो, निघून जातो. आज पहिल्यांदा निघावंसं वाटत नाहीये."

"मग राहा," काका म्हणाले. एवढीच मुलाखत!

बॅगवाल्यांनी मान खाली घातली, बॅग उचलली. तोच वहीवाला त्यांच्याकडे वळला. "थांबा. यांनी तुम्हाला किती वेळ ऐकवलं?"

"पाऊण तास."

"आणि तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडून काय करणार? त्यांना मनापासून बोलायचं होतं. मी ऐकलं."

"आमच्या कामात रोज असे साहेब भेटतात," वहीवाला म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, हा त्याचा चांगुलपणा. "आणि माझी खुर्ची आता रिकामी होतेय. काय कुठे ठेवायचं, हे तुम्हाला अकरा वर्षं कळतंय. माणसांचंही जमेल तुम्हाला."

त्याने तिथूनच आपल्या एजन्सीच्या बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज एवढा मोठा, की फोन स्पीकरवर ठेवावाच लागला नाही. "जातोस? कामाच्या वेळात? अरे, आमची माणसं आम्ही नेहमी आमची आम्हीच शोधत आलो, त्याचं हे फळ! तिथे कुणी आहे म्हणतोस? शांत आहे? पाठव त्याला, आत्ताच पाठव!"

तर अशी सगळी सोय लागली. मॅडमनी फक्त नव्या माणसाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना आहे : 'नेमणूक कोणामार्फत? स्वतः / एजन्सी'. तो रकाना मी अजून भरलेला नाही. मॅडम रोज विचारतात आणि मी रोज पेन शोधतो.

तीस तारखेला मात्र मी शब्द पाळला. काकांना घ्यायला त्यांचे जावई मुद्दाम यायचे होते, त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि स्टेशनवर जायला टॅक्सी सांगितली होती. सगळं ऑफिस जमलं. माझी बायकोही काकांना भेटायला आली होती. काकांनी स्टोअरच्या फळ्यांवरून एकदा हात फिरवला, दातांच्या दवाखान्याची फळी जरा सरळ केली आणि म्हणाले, "चल रे, आता या वेळी अडवू नकोस." मला हसूही आलं आणि रडूही.

तेवढ्यात काचेपलीकडे दोघं जण दिसले. एकाने घाईघाईने दार ढकललं. दुसऱ्याने त्याला बाजूला केलं आणि शांतपणे दार ओढलं.

मी पुढे झालो आणि त्या दुसऱ्याला कडकडून मिठी मारली. "काकांना जपा," मी म्हणालो. "दोनदा मी त्यांना अडवलं, त्याची तुमच्या घरादाराची माफी मागतो. असा माणूस पुन्हा मिळणार नाही!"

"अगदी जपून नेतो, साहेब," ते नम्रपणे म्हणाले. किती गुणी जावई! ढकलणाऱ्याच्या हातात मी काकांच्या दोन्ही बॅगा दिल्या. "या खाली गाडीत ठेव बाबा. आणि आपटू नकोस." त्याने मुकाट्याने उचलल्या आणि जिना उतरायला लागला.

"साहेब," माझ्या मिठीतला माणूस म्हणाला, "स्टेशनच्या पुढच्या बाजूला सोडू की मागच्या?"

जिन्यावरून काकांच्या जावयांच्या धापा ऐकू येत होत्या. माझ्या मागून बायकोचा आवाज आला, अगदी शांत, "हेही मीटरवालेच निघाले वाटतं!"

काका एवढे हसले, की त्यांना धरून जिना उतरवावा लागला. जावयांची मी तळमजल्यावर जाऊन, टॅक्सीच्या खिडकीतून माफी मागितली. ते सज्जन आहेत. म्हणाले, "काही हरकत नाही, बॅगा हलक्याच होत्या."

सगळं कबूल आहे मला. पण तुम्हीच सांगा, त्या ड्रायव्हरने दार पहिल्याच झटक्यात ओढलं होतं की नाही?